कर्ण्याच्या कसोटीवर जुनी गाणी

जुन्या मराठी गाण्यांचा एक मिश्र संग्रह गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे वाजतो आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने तो पेनड्राइव्हमध्ये भरून आणला आणि ट्रॅक्टरच्या टेपला लावून दिला. त्यानंतर तो कापसाच्या वेचणीला बांधावर वाजला, घरातल्या लहान स्पीकरवर वाजला आणि श्रावणात गल्लीतल्या कानबाईच्या मांडवात कर्ण्यावरही वाजला. निवड चांगली आहे, मांडणीला मात्र काही धरबंध नाही. भूपाळी संपते न संपते तोच लावणी सुरू होते, लावणीनंतर अभंग येतो आणि अभंगाच्या पाठोपाठ एखादे बालगीत. काही गाणी दोनदा आली आहेत. काही मूळ गायकांच्या आवाजात नाहीत. नंतर कोणीतरी दुसऱ्या गळ्यांकडून गाऊन घेतलेल्या त्या आवृत्त्या असून त्यांच्यामागे यंत्रातला ठेका पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच चालीने बडवला जातो. अशी गाणी मी प्रथम पुसून टाकली. उरलेल्यांपैकी ज्यांच्याविषयी काही सांगण्यासारखे आहे, त्यांच्यापुरतेच हे अभिप्राय.

कसोटी आधी सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला माझ्याशी कुठे भांडायचे ते कळेल. खान्देशात माझ्या पिढीच्या कानावर गाणे प्रथम आले ते कर्ण्यातून. लग्नाचा मांडव, अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा, सारंगखेड्याचा घोडेबाजार, गणपतीची आरास आणि तंबूतल्या सिनेमाचा खेळ सुरू होण्यापूर्वीचा वेळ, या सगळ्या ठिकाणी लिंबाच्या झाडाला नाहीतर विजेच्या खांबाला बांधलेला कर्णा हाच आमचा गवई होता. कर्णा मधल्या पट्टीतले आवाज तेवढे दूरवर फेकतो. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा, तंबोऱ्याची आस, व्हायोलिनच्या ताफ्यातली नाजूक कलाकुसर यांतले फारसे काही त्यातून बाहेर पडत नाही. उरतो तो गळा, आणि गळ्यातही शब्दांचे उच्चार स्वच्छ असतील तरच उरतो. म्हणून कोणतेही जुने गाणे ऐकताना मी एवढेच पाहतो की गर्दीतून, धुळीतून आणि दोन शेतांच्या अंतरावरून त्याचा शब्द सुटा ओळखू येतो का, आणि शब्द कळल्यावर ते गाणे पुन्हा ऐकावेसे वाटते का. कसोटी अपुरी आहे, तिच्यात न बसणारी मोठी गाणीही आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येईलच. पण लोकप्रिय म्हणवणाऱ्या गाण्याला ती लावणे अन्यायाचे नाही.

या कसोटीवर संग्रहातले पहिले मानाचे पान ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ या भूपाळीला द्यावे लागते. व्ही. शांताराम यांच्या १९५१ सालच्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटासाठी वसंत देसाई यांनी होनाजी बाळाच्या या रचनेला चाल दिली आणि ती पंडितराव नगरकर व लता मंगेशकर यांनी गायिली. शब्द पुष्कळसे संस्कृत वळणाचे आहेत, तरी अडत नाहीत, कारण जवळजवळ प्रत्येक तुकडा दीर्घ स्वरावर संपतो आणि त्या स्वरावर गायकाला थांबायला जागा मिळते. ‘श्रीधरा’, ‘झाला’, ‘वनमाळी’ ही लांबवलेली टोके पहाटेच्या शांत हवेत फार दूर जातात. भूप हा पाच सुरांचा राग, त्यामुळे शिकलेला गळा नसलेल्या बाईलाही सडा टाकताना ही चाल सहज गुणगुणता येते. माझी तक्रार फक्त संग्रहाशी आहे: दुपारच्या टळटळीत उन्हात एखाद्या ठसकेबाज गाण्याच्या मागून ही भूपाळी लागली की तिचे सगळे तेज जाते. तिला वेगळ्या यादीत ठेवावे आणि ती पहाटेच लावावी.

आता बहिणाबाईंची गाणी. येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण आसोद्याच्या माहेरवाशिणीविषयी जळगावच्या माणसाने घाईने बोलू नये. ‘अरे संसार संसार’ हे गाणे १९६१ सालच्या ‘मानिनी’ या चित्रपटात आले. दिग्दर्शक अनंत माने, संगीत वसंत पवार यांचे आणि स्वर सुमन कल्याणपूर यांचा. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या, त्यांची कविता पुस्तकरूपाने १९५२ मध्ये निघाली आणि त्यानंतर अवघ्या काही वर्षांत ती पडद्यावरून महाराष्ट्रभर गेली. ज्या बाईने जात्यावर आणि शेतात ओव्या रचल्या, त्या स्वतः कधी कागदावर उतरवल्या नाहीत, तिच्या शब्दांना ही वाट मिळाली याचे श्रेय पुस्तकाला जितके आहे तितकेच या चालीलाही आहे, असे माझे मत आहे.

चालीचे गुण असे की वसंत पवारांनी ओवीची ठेवण मोडलेली नाही. प्रत्येक ओळ एका श्वासात म्हणता येते, मधे कुठे तान नाही, शब्दाच्या पोटात शिरून त्याचे तुकडे करणारी हरकत नाही. ‘आधी हाताला चटके’ हे शब्द ज्या क्रमाने तोंडातून बोलताना येतील त्याच क्रमाने आणि जवळजवळ त्याच वजनाने गाण्यात येतात. सुमनताईंचा आवाज मुळात मऊ, पण येथे त्या लाडिकपणाकडे झुकलेल्या नाहीत. सांगणारी बाई स्वतः चुलीपुढे बसलेली आहे हे ऐकणाऱ्याला पटते. उणे काढायचेच झाले तर ते वाद्यमेळाचे काढावे लागेल. कडव्यांमधल्या जागा शहरी नीटसपणाने भरल्या आहेत आणि ऐकताना मला दर वेळी वाटते की तेथे नुसती जात्याची घरघर असती तरी काम भागले असते.

याहून मोठा आक्षेप मूळ गाण्यावर नसून पुढच्या गाणाऱ्यांवर आहे. आमच्याकडे ‘ळ’ चा ‘य’ होतो, म्हणून बहिणाबाईंच्या ओवीत भाकर ‘मियते’. शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि वाहिन्यांवरच्या स्पर्धांत हे गाणे म्हणणाऱ्या मुली तो शब्द पुस्तकी करून टाकतात आणि बाकीच्या ओळी मात्र गावरान ठसक्यात म्हणतात, तेव्हा ते अर्धेकच्चे वाटते. एकतर सगळे आमच्यासारखे म्हणावे, नाहीतर सगळे पुण्यासारखे. याच चित्रपटातले ‘अरे खोप्यामधी खोपा’ ऐकायला तितकेच गोड आहे, पण त्या गाण्याचे शाळांनी इतके हाल केले आहेत की काही वर्षे त्याला विश्रांती दिलेली बरी.

याच वसंत पवारांनी आणि याच अनंत मान्यांनी दोन वर्षे आधी ‘सांगत्ये ऐका’ दिला होता आणि त्यात आशा भोसले यांनी गायिलेली, गदिमांची ‘बुगडी माझी सांडली गं’ ही लावणी होती. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात हा चित्रपट १३१ आठवडे चालला. त्या यशात या गाण्याचा वाटा केवढा, हे ज्याने ते यात्रेत कर्ण्यावर ऐकले आहे त्याला सांगायला नको. ‘सांडली’ वरचा झोल आणि ‘साताऱ्याला’ वरची सम यांच्यामध्ये बोलणारीचा खोटा लाजरेपणा जो उभा राहतो, तो नंतरच्या शेकडो लावण्यांना जमलेला नाही. सातारा आम्ही पाहिलेला नव्हता, बुगडी आमच्या घरातल्या बायकांच्या कानात नव्हती, तरी गाणे आमचे झाले. पसंतीची मोहोर.

सुलोचना चव्हाण यांच्या दोन लावण्या यादीत आहेत. ‘सोळावं वरीस धोक्याचं’ ही १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’ मधली आणि ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ ही १९६५ च्या ‘मल्हारी मार्तंड’ मधली. कर्ण्याच्या कसोटीवर या बाईंना प्रतिस्पर्धी नाही. त्यांचे व्यंजन हवेत कापत जाते. ‘फड’ मधला ‘फ’, ‘तुऱ्याला’ मधला ‘ऱ्या’ हे अक्षर न् अक्षर चौकातून गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचते आणि दुहेरी अर्थ असूनही आवाजात चावटपणा उतरत नाही, सगळी मस्करी शब्दांवर सोडून गळा साळसूद राहतो. डोक्यावर पदर घेऊन, एका जागी बसून लावणी म्हणणाऱ्या या गायिकेला सरकारने पद्मश्री दिली ती २०२२ मध्ये, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या. हा उशीर कोणालाच शोभला नाही. दोन्हींमध्ये निवड करायची तर मी ‘फड सांभाळ’ घेईन. ऊस आमच्याकडे कमी, केळी आणि कापूस जास्त, पण उभ्या पिकाची राखण करताना रात्र कशी जाते हे येथल्या माणसालाही ठाऊक आहे.

भावगीतांचा विभाग मोठा आहे आणि येथे माझा सूर थोडा रुक्ष होईल. ‘शुक्रतारा मंद वारा’ हे मंगेश पाडगावकरांचे गीत, श्रीनिवास खळे यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे स्वर. गाणे निर्दोष आहे. तरीही ते इतक्या वेळा, इतक्या समारंभांत, इतक्या हौशी जोडप्यांनी म्हटले आहे की मूळ ध्वनिमुद्रण ऐकतानाही डोळ्यांपुढे निवेदकच उभा राहतो. नव्याने ऐकायचे असेल तर दात्यांकडे दुर्लक्ष करून सुधाताईंच्या ओळींकडे कान द्यावा. त्यांचा किंचित कोरडा, न नटलेला स्वर गाण्याला जमिनीवर धरून ठेवतो. दाते, पाडगावकर आणि यशवंत देव या त्रयीचे ‘भातुकलीच्या खेळामधली’ मला त्याहून अधिक आवडते, कारण त्यात एक संपूर्ण गोष्ट आहे आणि ती गोष्ट कोणालाही पहिल्या ऐकण्यात कळते. ‘या जन्मावर’ मात्र मी पुढे ढकलतो. विचार चांगला, चाल उत्साही, पण सत्कार समारंभ आणि निरोप समारंभ यांनी ते पार घासून टाकले आहे.

खळ्यांचीच दुसरी रचना, लताबाईंनी गायिलेली ‘श्रावणात घननिळा बरसला’, हा सगळा विभाग एकटी तोलून धरते. तिची चाल ऐकायला सरळ आणि म्हणायला महाकठीण आहे. प्रत्येक कडवे वेगळ्या वाटेने जाते, आणि ध्रुवपदावर परत येताना ऐकणाऱ्याला वळण कळू न देता परत येते. आमच्या घरात दोघीतिघींनी हे गाणे म्हणायचा प्रयत्न केला असून पहिल्या कडव्याच्या पुढे कोणी गेलेले नाही. कर्ण्यावर या गाण्याचे बरेच काही हरवते, हे मान्य करावे लागेल. याला घरातला लहान स्पीकर आणि बाहेर खरोखरचा पाऊस हवा. आमच्या भागात श्रावणात घननीळ बरसेलच याची खात्री नसते, म्हणून असेल कदाचित, पण ‘हिरवा मोरपिसारा’ या शब्दांपाशी शेतकरी माणूस कवितेपेक्षा वेगळेच काहीतरी ऐकतो.

सुधीर फडके यांची गाणी भाच्याने सढळ हाताने घातली आहेत आणि त्याबद्दल त्याला शंभर गुण दिले पाहिजेत. शब्दोच्चाराच्या बाबतीत बाबूजी म्हणजे शेवटचा शब्द. ‘जगाच्या पाठीवर’ या १९६० च्या चित्रपटातले ‘एक धागा सुखाचा’ घ्या: गदिमांच्या प्रत्येक ओळीतील प्रत्येक जोडाक्षर जागच्या जागी आहे आणि तरी गाणे भाषणासारखे वाटत नाही. गीतरामायणातील ‘पराधीन आहे जगती’ हेही येथे आहे. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते प्रसारित झाली, तेव्हा गावात रेडिओ असलेल्या घराच्या ओट्यावर माणसे गोळा होत, असे आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. मी वेगळेच पाहिले आहे. हे गाणे आमच्याकडे माणूस गेल्यावर, दहाव्या-तेराव्याच्या घरी लावतात. मरणाच्या दारात म्हणण्याजोगे इतके समजूतदार गाणे दुसरे नाही हे खरे, पण त्यामुळे ट्रॅक्टरवर ते अचानक सुरू झाले की चालवणाऱ्याचा चेहरा उतरतो. ते गाळावे असे मी म्हणत नाही, वेगळ्या यादीत ठेवावे असे म्हणतो.

बाबूजींचेच संगीत असलेले आणि त्यांनी वसंतराव देशपांडे यांच्यासह गायिलेले ‘कानडा राजा पंढरीचा’ हे १९७० च्या ‘झाला महार पंढरीनाथ’ मधले. एकाचा स्वर सरळ, रेखलेला. दुसऱ्याचा उसळणारा, ठिणग्या उडवणारा. वसंतरावांच्या द्रुत ताना कर्ण्यातून एकमेकींत मिसळतात आणि त्यांचा नुसता एक झोत ऐकू येतो, तरी गाणे कोसळत नाही, कारण खालचा ठेका चालणाऱ्या पायांचा आहे. मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरपर्यंत फार लांबचे अंतर चालते. त्या वाटेवरच्या चहाच्या टपऱ्यांवर आषाढात हे गाणे आणि प्रल्हाद शिंदे यांचे ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ आलटून पालटून लागलेले असतात.

प्रल्हाद शिंदे यांच्याविषयी सुशिक्षित घरांत अजूनही थोडे नाक मुरडले जाते. मला त्याचे कारण समजत नाही. ‘आता तरी देवा मला पावशील का’ या गाण्यात देवाशी जो रोखठोक हिशेब मांडला आहे, तो मांडायला त्यांच्याच गळ्यातली ती धार हवी होती. हा आवाज कर्ण्यासाठीच घडवलेला वाटतो: वरच्या पट्टीत न फाटता उभा राहतो आणि शब्द दगडावर टाकीने कोरावा तसा उमटवतो. वेचणीच्या बायकांनी मोबाइलवर पुन्हा लावायला सांगितलेले गाणे हेच होते, ‘शुक्रतारा’ नव्हे. भाच्याने त्यांचे एवढे एकच गाणे घेतले होते. “मामा, मला वाटलं तुम्हाला चालायचं नाही,” असे त्याने कारण दिले. आणखी काही घालून देण्याचे त्याने कबूल केले आहे.

‘भरजरी गं पीतांबर दिला फाडून’ या गाण्याला मी संग्रहातले सर्वांत चोख गाणे म्हणेन. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’ मधले हे गीत, शब्द अत्र्यांचे, संगीत वसंत देसाई यांचे, स्वर आशा भोसले यांचा. श्रीकृष्णाचे बोट कापले, चिंधी हवी होती, सख्ख्या बहिणीला शालूपैठणी फाडवेना आणि द्रौपदीने अंगावरचे वस्त्र फाडले, एवढी कथा तीनेक मिनिटांत सुरू होऊन संपते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढाच वेळ मिळत असे आणि त्या बंधनाने त्या काळच्या गीतकारांना आटोपशीरपणा शिकवला. पुढे लाँग प्ले आल्या, कॅसेटी आल्या, वेळ वाढला आणि गाणी पसरट झाली. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, त्यामुळे आमच्या शाळांत ‘श्यामची आई’ घरचेच पुस्तक मानले जाई आणि राखीपौर्णिमेला हे गाणे हमखास लागे. आशाबाईंनी येथे एकही जागा दाखवण्यासाठी घेतलेली नाही. नारदाचा प्रश्न, सुभद्रेचे बहाणे, द्रौपदीचे न बोलता केलेले काम, या प्रत्येकासाठी आवाजाचा रंग किंचित पालटतो, आणि तो इतका किंचित पालटतो की ऐकणाऱ्याला कारागिरी दिसत नाही, गोष्ट दिसते.

‘ऐरणीच्या देवा तुला’ हे १९६५ च्या ‘साधी माणसं’ मधले, ‘आनंदघन’ या नावाने लताबाईंनीच संगीत दिलेले. ऐरणीवरच्या घणाचा ठोका तालात बसवण्याची कल्पना आज साधी वाटते, पण ती लोहाराच्या कामाच्या गतीने बसवलेली आहे, नाचाच्या गतीने नाही, आणि म्हणून टिकली. जगदीश खेबुडकरांचे शब्द कोल्हापूरकडचे असूनही कोठेच परके वाटत नाहीत. कोळीगीतांपैकी ‘मी डोलकर’ ठेवले, बाकीची काढली. समुद्र आमच्यापासून फार लांब आहे आणि तापीत लाटा उठत नाहीत.

‘जैत रे जैत’ मधली गाणी हा आमच्या घरातला वादाचा विषय. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेल यांनी केलेला हा चित्रपट, गीते ना. धों. महानोर यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. कथा कोकणाकडच्या ठाकरांची असली तरी आमचा हक्क दोन बाजूंनी लागतो: महानोरांचे पळसखेडे अजिंठ्याच्या डोंगराजवळ, जळगावपासून काही फार दूर नाही, आणि नायिका झालेल्या स्मिता पाटील यांचे घराणे शिरपूरचे. ‘मी रात टाकली’ मध्ये लताबाईंच्या ओळीला मागचा समूह जे उत्तर देतो, त्या देण्याघेण्यातच गाण्याचा प्राण आहे. शेतात दहा जणी एका ओळीत चालत असताना एकीने म्हणावे आणि बाकीच्यांनी उचलावे, अशीच ही बांधणी आहे, म्हणून वेचणीच्या वेळी ती कोणी न शिकवता जमते. ‘नभ उतरू आलं’ त्याच तोलाचे, फक्त आशाबाईंच्या आवाजातली ओल अधिक खोल.

वाद आहे तो ‘जांभुळपिकल्या झाडाखाली’ वर. माझ्या धाकट्या भावाला ते सर्वश्रेष्ठ वाटते. मला त्यातला ढोल फार सभ्य वाटतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी ज्याने रात्रभर जागून पाहिली आहे, सातपुड्यातले ते मोठाले ढोल छातीत वाजताना अनुभवले आहेत, पावरीचा तो न थकणारा सूर ऐकला आहे, त्याला ध्वनिमुद्रणगृहातला ढोल आंघोळ करून, कपडे बदलून आल्यासारखा दिसणारच. भावाचे म्हणणे असे की चित्रपटाचे गाणे चित्रपटासारखेच असावे, त्याने होळीशी स्पर्धा करू नये. त्याचेही चूक नाही. गाणे ठेवले आहे, आवाज मात्र तोच वाढवतो, मी नाही.

कसोटीत न बसणारी दोन गाणी अशी. ‘भय इथले संपत नाही’ हे ग्रेस यांचे, हृदयनाथांच्या चालीतले, लताबाईंच्या आवाजातले. गर्दीत याचा एकही शब्द हाती लागत नाही आणि एकांतात ऐकले तरी सगळा अर्थ लागेलच असे नाही, तरी संध्याकाळी गोठ्याकडे जाताना ते मनात सुरू झालेले असते आणि बंद होत नाही. त्याला कर्णा लावू नये एवढेच. दुसरे ‘उषःकाल होता होता’, सुरेश भटांचे, १९७९ च्या ‘सिंहासन’ मधले. त्याची गंमत उलटी आहे: चित्रपटात ते थकलेल्या, जड मनाने येते, आणि मोर्चात, सभेत, कर्ण्यावर मात्र लोक ते त्वेषाने म्हणतात. दोन्ही रीतींनी ते उभे राहते. शब्दांत तेवढा दम आहे.

मुलांसाठी ‘नाच रे मोरा’ आणि ‘गोरी गोरी पान’ ही दोनच गाणी दिली आहेत आणि तेवढी पुरतात. पहिल्याला पु. ल. देशपांडे यांची चाल, दुसऱ्याला खळ्यांची, शब्द दोन्हींचे गदिमांचे, गळा दोन्हींना आशाबाईंचा. धाकट्या नातीला बाकीचे काही कळत नाही, पण मोर सुरू झाला की ती ओट्यावरून उठतेच.

संग्रहातली खरी उणीव अहिराणीची आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हणतात ते ‘आथानी कैरी, तथानी कैरी’ हे गाणे मी स्वतः शोधून घातले, परंतु मिळालेल्या ध्वनिमुद्रणांनी निराशा केली. जवळजवळ सगळ्यांत मागे कीबोर्ड वाजतो, ठेका वरातीच्या नाचाचा असतो आणि गाणारी अशी धावते की झोक्याची लय राहतच नाही. झोका वर गेल्यावर क्षणभर थांबतो, तेथे ओळ संपते आणि खाली येताना दुसरी सुरू होते. ‘कैरी झोका खाय वं’ मधला तो ‘वं’ त्या थांबण्यासाठीच आहे. शेवटी शेजारच्या काकूंना आणि माहेरी आलेल्या त्यांच्या लेकीला अंगणातच म्हणायला लावून मोबाइलवर टिपून घेतले. मधे म्हैस ओरडते, कोणीतरी बादली आपटते, पण बाजारातल्या कोणत्याही आवृत्तीपेक्षा ते सरस आहे आणि पेनड्राइव्हमध्ये ‘बुगडी’ च्या आधी ते बसवले आहे.

शेवटी राहिले ‘अश्विनी ये ना’. १९८७ च्या ‘गंमत जंमत’ मधले, संगीत अरुण पौडवाल यांचे, शब्द शांताराम नांदगावकर यांचे, गायक किशोर कुमार आणि अनुराधा पौडवाल. काही जण याला जुन्या गाण्यांत धरायलाच तयार नाहीत. मी धरतो, आणि थोडा पक्षपातही करतो, कारण किशोरदांचे खंडवा भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेवरच आहे आणि आमच्याकडची माणसे त्यांना शेजारचे समजतात. मराठी ही त्यांच्या तोंडची भाषा नव्हती, हे दोनचार ठिकाणी कळते. पण ते चुका लपवत बसत नाहीत, चेष्टेच्या सुरात सगळे ओढून नेतात आणि ज्या नायकासाठी गायचे तो नायकही तसाच असल्यामुळे ते खपून जाते. आमच्याकडचे बँडवाले वरातीत हे गाणे क्लॅरिनेटवर घेतात, तेव्हा शब्द नसूनही मुले ‘ये ना’ ची जागा बरोबर पकडतात. ठेवावे, आणि शक्य असेल तर अनुराधाबाईंच्या ओळी चालू असताना नाचणाऱ्यांना जरा गप्प बसायला सांगावे.